क्रियापद दिसलं पाहिजे

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत लिहिलं तर तेवढ्यात १६० अक्षरं बसतात, कारण प्रत्येकाला सात बिट पुरतात. मजकुरात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं, की सगळा संदेश सोळा बिटांच्या हिशेबात जातो आणि हाती उरतात ७० जागा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, इतकंच काय, जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तसुद्धा आपली जागा वेगळी मागतो. ‘स्थगित’ला सहा जागा लागतात, ‘बंद’ला तीन. ‘अद्ययावतीकरण’ एकटंच बारा घेतं. ७० च्या पुढे गेलं की संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ जागा राहतात आणि बँकेला प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात.

सहकारी बँका आणि पतसंस्थांसाठी असे संदेश, खातेदारांच्या सूचना, ॲपच्या स्क्रीनवरचा मजकूर लिहिणं हे माझं काम. जागा कमी पडते ही तक्रार मी कधी केली नाही. कमी जागेमुळे आधी विचार करावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा केलेलाच नसतो.

खरी अडचण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. झालं की नाही झालं, करायचं की नाही करायचं, हे वाक्य संपल्यावरच कळतं. कागदावर त्याने बिघडत नाही. वाचणारा शेवटपर्यंत जातो. फोनच्या बंद स्क्रीनवर मात्र संदेशाची पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. बँकांच्या सूचना साधारण अशा सुरू होतात: ‘सर्व खातेदारांस कळविण्यात येते की, भारतीय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ज्या खातेदारांनी केवायसी कागदपत्रांचे अद्ययावतीकरण विहित मुदतीत केलेले नाही…’ इथे ओळ तुटते. वाचणाऱ्याला रिझर्व्ह बँक दिसली, भीती वाटली, आणि काय करायचं ते कळलंच नाही. म्हणून मी लांब वाक्य मोडते. वाक्य छोटं असलं की क्रियापद लवकर येतं, म्हणजेच वेळेवर येतं.

पण नुसतं मोडून भागत नाही, कारण त्या सूचनेच्या शेवटी असतं ‘व्यवहार स्थगित करण्यात येतील’. कोण करणार? कोणत्या दिवशी? कोणते व्यवहार? एका बँकेत मी एवढंच विचारलं, की पैसे काढणं थांबेल की खात्यात जमा होणंही थांबेल? निवृत्तिवेतन याच खात्यात येत असेल तर त्या माणसाला हे आधी कळायला हवं. काउंटरवरच्यांचं उत्तर एक होतं, संगणक विभागाचं दुसरं, आणि ज्यांनी मसुदा पाठवला होता त्यांनी याचा विचारच केला नव्हता. निर्णय व्हायला बराच वेळ लागला. वाक्य त्यानंतर लगेच झालं. ‘करण्यात येईल’ ही रचना मराठी कार्यालयांत इतकी रुळली आहे ती या सोयीसाठी, असं माझं ठाम मत आहे: ती न ठरलेल्या गोष्टीवर पांघरूण घालते. पांघरूण काढलं की लिहिणाऱ्याला बैठक बोलवावी लागते.

ठरल्यावर मजकूर असा झाला: ‘तुमच्या केवायसीची मुदत २० जूनला संपते. आधार व पॅन कार्ड घेऊन शाखेत या.’ बँकेचं नाव सोडलं तर बरोबर ७० जागा. त्यापुढे: ‘नाहीतर पैसे जमा होतील, पण काढता येणार नाहीत.’

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर असे संदेश आधी नोंदवून ठेवावे लागतात. साचा ठरलेला, आणि नाव, रक्कम, तारीख यांच्या जागा रिकाम्या. इंग्रजीत रिकाम्या जागेत काहीही घातलं तरी सहसा निभतं. मराठीत शब्द प्रत्ययाआधी रूप बदलतो. साच्यात रिकाम्या जागेपुढे ‘च्या शाखेत’ लिहून ठेवलं, तर सांगलीला ते चालतं, ठाण्याच्या खातेदाराला मात्र ‘ठाणेच्या शाखेत या’ असा संदेश जातो. एकच हप्ता राहिलेल्याला ‘१ हप्ते थकले’ असं वाचावं लागतं. मी तिथे ‘शाखा: ठाणे’, ‘थकलेले हप्ते: १’ असं लिहिते. प्रत्ययच नको, म्हणजे चूकही नको. संगणकवाल्यांना हा हट्ट वाटतो. पण मोडकी मराठी आली की खातेदाराला शंका येते, हा संदेश खरंच बँकेचा आहे का? आणि ती शंका रास्त आहे.

२०२२ च्या सुमारास महाराष्ट्रात वीजग्राहकांना खोटे संदेश येत होते: बिल भरलेलं नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. महावितरणला लोकांना सावध करावं लागलं. ते संदेश मी लक्ष देऊन वाचले. काय होणार, कधी होणार, तुम्ही काय करायचं, तिन्ही गोष्टी त्यांत होत्या. फसवणाऱ्याला वाचणाऱ्याकडून काय हवं हे पक्कं माहीत असतं. खऱ्या संस्थेचं पत्र दुर्बोध आणि भामट्याचं सुबोध असेल, तर माणूस ज्याचं समजतं त्याचं ऐकणार. म्हणून सोपं लिहिणं मला खातेदाराच्या संरक्षणाचा भाग वाटतं, आणि म्हणूनच माझ्या संदेशात मी दाबायची लिंक घालू देत नाही. शाखेत या, किंवा पासबुकावरच्या नंबरवर फोन करा.

ॲपमध्येही हेच: बटणावर ‘सबमिट’ऐवजी ‘₹५,००० पाठवा’ लिहावं, म्हणजे बोट टेकण्याआधी रक्कम पुन्हा डोळ्यांखालून जाते. चूक दाखवताना ‘अवैध माहिती’ म्हणून कुणाचाच फायदा होत नाही. आयएफएससी कोडात ११ अक्षरं-अंक असतात आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. बरेच जण तिथे इंग्रजी ओ टाइप करतात. मग तेच सांगायचं: ‘पाचव्या जागी शून्य घाला.’

मसुदा पूर्ण झाला की मी कॅलेंडर उघडते. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. मुदत अशा शनिवारी किंवा रविवारी संपत असेल, तर खातेदार शेवटच्या दिवशी कागदं घेऊन येणार आणि शटर खाली असणार. अशा वेळी आधीच्या शुक्रवारची तारीख घालायला मी बँकेला सांगते, आणि तारखेपुढे वारही लिहिते. ‘शुक्रवार’ला आठ जागा जातात. संदेश एका तुकड्याने वाढला तरी त्या मी काढत नाही.