शर्लीचं घर

मँचेस्टरला आलेला पाहुणा आधी ओल्ड ट्रॅफर्डचं नाव काढतो. मी त्याला ईस्ट डिड्सबरीला नेतो. तिथे विल्म्स्लो रोडवर, आता बिझनेस पार्क झालेल्या आवारात, ‘द टॉवर्स’ नावाचा जुना वाडा आहे. बारा मनोरे, बावन्न खोल्या, तीनशे पासष्ट खिडक्या, म्हणून लोक त्याला ‘कॅलेंडर हाऊस’ म्हणत. (खिडक्या मी मोजलेल्या नाहीत!) मँचेस्टरपर्यंत जहाजं आणणारा कालवा खणायचा, हे १८८२ साली याच घरात ठरलं.

माझं कुतूहल मात्र वेगळं. माटुंग्याला व्ही.जे.टी.आय.मध्ये टेक्स्टाइल शिकताना प्रयोगशाळेत एक नाव सारखं भेटायचं: शर्ली. कापसातला कचरा वेगळा काढणारा शर्ली अ‍ॅनलायझर, कापडाचा ताठपणा मोजणारा शर्ली टेस्टर. ही बाई कोण, असं आम्ही एकमेकांना विचारायचो. बाई कसली, मुलगी! स्टॉकपोर्टचे खासदार विल्यम ग्रीनवुड यांनी कापूस-संशोधन संस्थेला हा वाडा घेण्यासाठी भरघोस देणगी दिली आणि लेकीचं नाव द्यायला सांगितलं. १९२२ मध्ये शर्ली इन्स्टिट्यूट इथे रीतसर सुरू झाली.

देणगीतून वास्तू होते हो, पण शास्त्रज्ञांना पगार दर महिन्याला लागतो. शिवाय एका गिरणीने खर्च करून काही शोधलं, तर शेजारची गिरणी ते फुकटात उचलणार. गणपतीची वर्गणी न देणाराही प्रसादाला हजर असतोच की! त्यावर उपाय एकच, सगळ्यांवर सक्तीची पट्टी. १९२३ च्या कायद्याने लँकेशायरच्या सूतगिरण्यांवर गासडीमागे सहा पेन्स बसले. ते साम्राज्यात कापूस वाढवण्यासाठी होते. डिड्सबरीच्या संशोधनालाही पुढे कॉटन बोर्डाच्या सक्तीच्या पट्टीतून पैसा मिळू लागला. त्यातलं मला सर्वांत आवडतं ते दुसऱ्या महायुद्धातलं व्हेंटाइल कापड. लांब धाग्याचा कापूस इतका घट्ट विणलेला, की भिजला की तंतू फुगतात आणि पाणी आत येत नाही. गार समुद्रात पडलेले वैमानिक त्यामुळे वाचले. रबर नाही, मेण नाही, नुसता कापूस!

आणि गंमत बघा, त्याच १९२३ साली हिंदुस्थानातही कापूस उपकराचा कायदा झाला. त्या गासडीमागच्या आण्यांतून १९२४ मध्ये माटुंग्याला प्रयोगशाळा उभी राहिली. व्ही.जे.टी.आय.पासून जवळच. आज ती ‘सिरकॉट’ म्हणून ओळखली जाते.

या पट्टीची एक खोड आहे. ती गासड्यांवर अवलंबून. धंदा बसला की गासड्या घटतात, म्हणजे संशोधनाची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच तिजोरी रिकामी. लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस शर्ली इन्स्टिट्यूट लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेबरोबर एकत्र होऊन नव्या संस्थेत मिसळून गेली. माटुंग्याची प्रयोगशाळा १९६६ मध्येच कृषी संशोधन परिषदेकडे, म्हणजे सरकारी खर्चावर गेली. मुंबईच्या गिरण्या गेल्या तरी ती टिकली, २०२४ मध्ये तिने शंभरी गाठली. सरकारी खात्यांबद्दल एरवी मी फारसं चांगलं बोलत नाही, पण इथे बोलावं लागतं.