आईचा दोष नव्हता

भाचा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. "नोकरीपायी लेकराकडे लक्ष दिलं नाहीस," असं आपाला घरचेच ऐकवायचे. डॉक्टरांनी 'ऑटिझम' म्हटलं, तेव्हा मी लिओ कॅनर यांच्याविषयी वाचलं.

१८९४ साली ज्यू घरात जन्मलेल्या कॅनर यांना तरुणपणी कवी व्हायचं होतं, झाले डॉक्टर. १९२४ मध्ये ते बायको-मुलीसह बर्लिनहून अमेरिकेत गेले. १९३० पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी बालमनोविकार विभाग उभारला. नाझींच्या छळातून सुटू पाहणाऱ्या ज्यू डॉक्टरांना मदतही केली. १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवरून त्यांनी ऑटिझमचं वर्णन केलं.

पण त्यांच्याच लिखाणात आईबापांच्या थंड स्वभावाकडेही बोट होतं. ते ओझं कित्येक आयांनी वर्षानुवर्षं वाहिलं. अखेर १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनीच त्यांना दोषमुक्त ठरवलं.

हे आपाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "फार उशीर केला रे त्यांनी."

अम्मी शेजारीच तांदूळ निवडत होती. त्या दिवसापासून तिने आपाला बोल लावणं सोडलं. माफी मागायला मात्र तिची जीभ अजून वळलेली नाही. माझीही नाही, मीही तेव्हा गप्पच बसलो होतो.