पोगरवाडीचे कर्नल आणि आपण

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात हुतात्मा सैनिकाची आठवण निघते ती बहुधा चौकात. फ्लेक्स लागतो, त्यावर गणवेशातला फोटो, वर ‘अमर रहे’ आणि खाली फोटोलाही झाकोळून टाकणारी शुभेच्छुकांची नावं. (श्रद्धांजलीला शुभेच्छुक असतात ते आपल्याकडेच!) माणूस कधी गेला ते कळतं, जगताना त्यानं काय केलं ते कळत नाही. स्पेशल फोर्सेसच्या जवानाबाबत तर ‘त्यांचं काम गुप्तच असतं’ ही सबब तयारच असते. कर्नल संतोष महाडिक यांच्याबाबत मात्र ती चालत नाही. त्यांचं बरंचसं काम काश्मीरमधल्या कुपवाड्यात उघड्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत झालं, आणि त्यांची आठवण मृत्यूपेक्षा त्या कामापासून सुरू व्हावी, असं मला वाटतं.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे महाडिक साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये शिकले, फुटबॉलमध्ये गोल राखत. १९९८ साली ते २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस)मध्ये अधिकारी झाले. ही तुकडी मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. १९९६ मध्ये तिचं रूपांतर झालं. २००३ मध्ये ईशान्येतल्या ‘ऑपरेशन ऱ्हायनो’साठी त्यांना सेना पदक मिळालं. पुढे ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर म्हणून ते कुपवाड्यात आले आणि पॅरा कमांडोचा हा अधिकारी तिथल्या पोरांना खेळाकडे, रोजगाराकडे वळवण्याच्या मागे लागला. यावर कोणी म्हणेल, फुटबॉलसाठी शौर्यपदक मिळत नाही. कमांडो मोजायचा तो चकमकीत. दुसरा म्हणेल, ही सगळी लष्कराची प्रतिमा उजळण्याची खटपट. दुसऱ्याचं म्हणणं मी निम्मं मान्य करतो: त्या मैत्रीत हेतू होताच. पण जंगलातली मोहीम खबरीवर चालते, खबर गावातून येते आणि गाव विश्वास बसल्याशिवाय तोंड उघडत नाही. मैदान आणि जंगल ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. पहिल्याला उत्तर खुद्द महाडिकांनीच दिलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांचा शोध दिवसेंदिवस चालला होता. कर्नलच्या हुद्द्याच्या माणसाला मागे थांबून वायरलेसवरून हुकूम सोडता आले असते, त्याला कोणी नावंही ठेवली नसती. ते पुढे होते, आणि १७ नोव्हेंबरला त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. पोरांशी गोड बोलणारा हा अधिकारी मवाळ होता, असं म्हणायला मग जागा उरत नाही.

साताऱ्याच्या माणसाचं बिदर-कलबुर्गीला काय, असाही प्रश्न येईल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आणि तिथून कन्नड बोलणारे जवानही निघतात. १९५६ ची राज्यांची रेघ या पलटणीतून गेलेली नाही. शिवाय आठवण राखण्यातली दिरंगाई या भागाला चांगली ठाऊक आहे. बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्यात १९४८ मध्ये रझाकारांनी माणसं मारली. तिथलं हुतात्मा स्मारक खुलं झालं २०२३ मध्ये. पाऊणशे वर्षांत पाहिलेले डोळे मिटतात, उरतात त्या घोषणा. महाडिकांच्या घरानं एवढी वाट पाहिली नाही. पत्नी स्वाती यांनी वयाची अट शिथिल करून घेतली, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत खडतर प्रशिक्षण पुरं केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

तेव्हा येत्या १७ नोव्हेंबरला भालकीच्या किंवा बसवकल्याणच्या चौकात फ्लेक्स लावणार असाल, तर तो मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा. त्यावर २००३ चं पदक लिहा, कुपवाड्यातली पोरं लिहा, जंगलातली मोहीम लिहा. जागा कमी पडली तर शुभेच्छुकांची नावं गाळा.