मिदी कालव्याच्या काठाने

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील तुलूझ हे गुलाबी विटांचे शहर. सोळाव्या शतकात येथील व्यापाऱ्यांनी एका रानटी दिसणाऱ्या झुडपाच्या पानांपासून निळा रंग काढून अमाप संपत्ती मिळवली. त्यांचे वाडे आजही उभे आहेत. पुढे भारतातून येणाऱ्या निळीपुढे तो धंदा टिकला नाही. वाडे पाहून बहुतेक प्रवासी मोटारीने पुढे निघतात. सायकल आणि तंबू घेऊन आलेल्यांना मात्र शहरातूनच दुसरी वाट फुटते, ती मिदी कालव्याच्या काठाची. भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत ती २४० किलोमीटर जाते. रोज पस्तीस किलोमीटरची बेताची मजल धरली, तर आठवडाभरात प्रवास पुरा होतो.

पूर्वी याच वाटेने घोडे नावा ओढीत. कालव्याचे पाणी सपाटीने चालते, म्हणून सायकलस्वारालाही चढ असा लागत नाही. जलद्वारापाशी चार-दोन मीटरचा उंचवटा, एवढेच. तुलूझपासूनचे पहिले पन्नास किलोमीटर डांबरी आहेत. पुढे मात्र अनेक ठिकाणी माती, खडी आणि वर आलेली झाडांची मुळे. रुंद टायरची सायकल भाड्याने घ्यावी.

नोरूझ येथे कालव्याचा सर्वांत उंच बिंदू येतो. येथून एका बाजूचे पाणी अटलांटिककडे, तर दुसऱ्या बाजूचे भूमध्याकडे वाहते. दोन्ही उतारांना पुरेल इतके पाणी या माथ्यावर आणायचे कोठून, या एका प्रश्नावर कालव्याची कल्पना पिढ्यान्पिढ्या अडून राहिली होती. उत्तर शोधले ते पिएर-पॉल रिके या गृहस्थाने. तो स्थापत्यविशारद नव्हता. मिठावरील कराच्या वसुलीचा मक्तेदार होता. काळ्या डोंगराचे ओढे अडवून, सां-फेरेओल येथे धरण बांधून त्याने ते पाणी नोरूझला आणले. १६६६ मध्ये चौदाव्या लुईची मंजुरी मिळाली.

रिकेचा जमाखर्च व्यापारी वाचकाने आवर्जून पाहावा असा आहे. राजाचा पैसा अपुरा पडे, वेळेवर येत नसे. तेव्हा त्याने स्वतःची मिळकत ओतली आणि कर्जे काढली. बदल्यात कालव्यावरील जकातीचा वंशपरंपरागत हक्क मिळाला; पण न वाहणाऱ्या पाण्यावर जकात कसली? अशा तारणावर आजची कोणतीही पेढी कर्ज देणार नाही. तरीही मजुरांना तो मासिक पगार देई, आणि पावसाने काम थांबले किंवा मजूर आजारी पडला तरी वेतन कापीत नसे. ऑक्टोबर १६८० मध्ये तो वारला. कालवा सुरू झाला मे १६८१ मध्ये. वारसांना वारशात मिळाले ते प्रामुख्याने ऋण. नफ्याचे तोंड दिसायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. उलट कार्कासोनच्या नगरवासीयांनी वर्गणी नाकारून पैसा वाचवला. कालवा शहराला वळसा घालून गेला, आणि तो गावात आणून घ्यायला १८१० साल उजाडले.

आता मुक्कामाचे. कालव्याचा काठ संरक्षित असल्याने तेथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. गावोगावच्या अधिकृत तंबूतळांवरच उतरावे लागते. तेथे पिण्याच्या पाण्याचा नळ, स्नानगृहे आणि सावली असते. नियम पाळणाऱ्या कुटुंबाला उपाहारगृहापेक्षा हाच मुक्काम अधिक सोयीचा. चूल आपली, भांडी आपली, पाणी गाळून उकळता येते. गॅसची डबी विमानातून नेता येत नाही, ती तेथेच घ्यावी. खाखरे आणि मुगाचे पीठ घरून न्यावे. घेवडा, टोमॅटो, चेरी, जर्दाळू आठवड्याच्या बाजारात मिळतात. मात्र बाजार सकाळचा असतो, दुपारी उठतो. साधा पाव मैदा, पाणी, मीठ आणि खमीर यांचा असतो. खमिराचा निर्णय ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे घ्यावा. चीजच्या बाबतीत सावध असावे, कारण दूध गोठवण्यास वासराच्या जठरातील द्रव्य वापरण्याची रीत तेथे सर्रास आहे. कास्तेलनोदारीची प्रसिद्ध घेवड्याची उसळही दिसते तशी नाही. तिच्यात बदकाचे व डुकराचे मांस असते. जूनमध्ये सूर्यास्त साडेनवाच्या सुमारास होतो, त्यामुळे दिवसभर सायकल चालवूनही चौविहार निर्विघ्न पाळता येतो. चातुर्मास लागण्यापूर्वीचा हाच काळ निवडावा.

जुन्या छायाचित्रांतील घनदाट सावली मात्र सर्वत्र मिळणार नाही. काठावर प्लेनची सुमारे ४२,००० झाडे होती. २००६ मध्ये एका बुरशीचा रोग आढळला. त्यावर उपाय नाही. बाधित झाड आणि त्याचे शेजारी तोडून जाळावे लागतात. आतापर्यंत हजारो झाडे गेली आहेत. त्यांच्या जागी ओक आणि इतर जातींची रोपे लावली आहेत. त्यांची सावली नातवंडांच्या पिढीला लाभेल. तोवर मैलोगणती उघडे ऊन आहे. दुपारी बारा ते चार थांबणे उत्तम.

बेझिए हे रिकेचे जन्मगाव. तेथे फोंसेरानच्या जलद्वारांची पायऱ्यांसारखी रांग नावांना एकवीस मीटर खाली उतरवते. दारे उघडतात, पाणी घुमते, नाव हळूहळू खाली जाते. मुले तासन्तास कठड्याला टेकून उभी राहतात. पुढे द्राक्षमळे, मग खारी हवा, आणि ओंग्लू येथे एक लहानसा दीपस्तंभ. त्याच्यापाशी काठाची वाट संपते आणि सरोवर सुरू होते.