जंजिऱ्याची समुद्राकडची बाजू

मुरुडजवळच्या जंजिऱ्याला जाणारे बहुतेक प्रवासी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसतात, मुख्य दरवाजाशी उतरतात, कलाल बांगडी तोफेजवळ फोटो काढतात आणि तासाभरात परततात. किल्ल्याचं नावच मुळी अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून आलेलं. चारी बाजूंनी पाणी, एकोणीस बुरूज, आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. सिद्दींनी हा किल्ला शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागू दिला नाही. पण तो का पडला नाही हे आत फिरून नीट कळत नाही. त्यासाठी बाहेरून, समुद्राच्या अंगाने त्याच्याकडे बघावं लागतं. पश्चिमेला एक छोटा दर्या दरवाजा आहे. तो आम्हाला पाण्यावरून बघायचा होता.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन शिक्षक कुटुंबं खाडीच्या पलीकडे दिघीला गेलो आणि आउटबोर्ड इंजिनाची एक फायबरची होडी ठरवली. होडीवाले चाचा साठीच्या पुढचे. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतली माणसं जहाजावर नोकरीला असतात, तसेच तेही होते. अनेक वर्षं इंजिन रूममध्ये ऑइलमन होते. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय त्यांनी दोर सोडला नाही. बायकांनी सफरची दुआ पढली आणि आम्ही निघालो.

पूर्वेकडून किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, बुरुजांच्या आड लपलेला असतो. वळसा घालून पश्चिमेला आलो तर समोर नुसता दगड. लाटा थेट तटाच्या पायाशी फुटत होत्या. दूर उत्तरेला शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसत होता. मुलं दर्या दरवाजा शोधत असतानाच इंजिनातून कर्कश शिट्टी सुरू झाली. थांबायचं नाव नाही. त्याच क्षणी इंजिनाचा वेगही आपोआप उतरला.

मुलं रडायला लागली. दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे होडी हळूहळू किल्ल्याच्या खडकांकडेच सरकणार. आमच्यातले एकजण म्हणाले, “चाचा, आधी ती शिट्टी तरी बंद करा!”

चाचा म्हणाले, “मास्तर, एक वायर ओढली की ती गप्प होईल. पण मग इंजिन जळायला लागलं की सांगणार कोण?”

त्यांनी इंजिन न्यूट्रलला आणलं आणि सर्वांत आधी मागे वाकून पाण्याची धार बघितली. आउटबोर्ड इंजिनाच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. इंजिन चालू असताना त्यातून पाण्याची धार सतत पडत राहते. या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो, समुद्राचंच पाणी त्याला थंड ठेवतं. पंख्याच्या वर, पाण्याखाली असलेल्या जाळीतून ते आत येतं. रबरी पात्यांचा एक पंप ते वर ढकलतो आणि गरम भागांभोवती फिरून ते बाहेर पडतं. ती धार म्हणजे इंजिनाची नाडीच. आमच्या होडीची धार बंद पडली होती.

चाचांनी इंजिन लगेच बंद केलं आणि नांगर टाकला. दुरुस्तीच्याही आधी नांगर! होडी एका जागी थांबल्यावर मुलांचं रडणंही थांबलं. मग इंजिन तिरकं करून खालचा भाग पाण्याबाहेर काढला, तर जाळीवर दुधाची फाटकी पिशवी घट्ट चिकटलेली. आम्ही सगळेच एकमेकांकडे बघत राहिलो. ज्या समुद्राने एवढी आरमारं परतवली, त्यात आपण टाकलेली एक पिशवी अकरा माणसांचा जीव टांगणीला लावते.

पिशवी काढल्यावरही त्यांनी घाई केली नाही. धारेच्या भोकात बारीक तार फिरवली, कारण कधी कधी वाळूने किंवा मिठाने ते भोकच बुजतं आणि पाणी आत नीट फिरत असूनही धार दिसत नाही. इंजिनाच्या तेलाची टाकी उघडून पाहिली. तेल कमी झालं तरी हीच शिट्टी वाजते, म्हणाले. तेल पुरेसं होतं. एका मुलाने विचारलं, वरून पाणी ओतून इंजिन थंड का करत नाही? “बेटा, तापलेल्या धातूवर गार पाणी ओतलं तर तडा जाईल. त्याचं त्याला निवू दे.” वीसेक मिनिटं आम्ही तशीच काढली. भीती थोडी ओसरल्यावर मुलांनी तेवढ्यात दर्या दरवाजा शोधूनही काढला.

पुन्हा चालू केल्यावरही धार आली नसती तर? चाचांचं उत्तर तयार होतं. मग बिघाड आतल्या रबरी पंपात, तो पाण्यावर उघडता येत नाही. दुसऱ्या होडीला फोन करायचा आणि दोर लावून ओढून न्यायला सांगायचं. तोवर नांगर आणि दोन वल्ही आहेतच. होडीत चढताना आम्ही जॅकेटं मोजली होती, नांगर आणि वल्ही मात्र कुणी विचारली नव्हती. जॅकेटांइतकीच त्यांचीही चौकशी केली पाहिजे.

बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी इंजिन सुरू केलं. धार आधी थेंबथेंब आली, मग बोटाएवढी जाड झाली. शिट्टी वाजली नाही. नांगर उचलून होडी संथपणे किल्ल्याला वळसा घालून खाडीत शिरली. राजपुरीच्या अंगाला कुठेतरी खोकरीचे घुमट आहेत, सिद्दी सरदारांच्या कबरी. ते चाचा हात करून दाखवत होते, पण आमचं निम्मं लक्ष त्या धारेकडेच होतं.

असरच्या वेळेला दिघीला पोहोचलो. आम्ही नमाजसाठी निघालो तेव्हा चाचा इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करत होते, आतलं खारं पाणी धुऊन निघावं म्हणून. ती दुधाची पिशवी त्यांनी होडीतच एका खिळ्याला अडकवून ठेवली होती.