लक्ष आणि ओढ

मुलाच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सुचवलं म्हणून आम्ही त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, आणि काही दिवसांत घरात लक्ष आणि आवेग ताब्यात न राहण्याच्या विकाराची, म्हणजे एडीएचडीची, एकाऐवजी दोन निदानं आली. एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. त्यामुळे असं अनेक घरांत घडतं. मुलाच्या तक्रारी सांगता सांगता बापाचा आवाज खाली येतो, कारण तो स्वतःचंच बालपण सांगत असतो. माझ्या नवऱ्याची चाळिशी तेव्हा उलटली होती. डॉक्टरांनी त्याच्या हातात जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची प्रश्नावली दिली. 18 प्रश्न. कामं शेवटच्या टप्प्यावर अडकतात का, ठरलेल्या भेटी विसरता का, समोरचा बोलत असताना मन भरकटतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबणं जड जातं का. त्याने जवळजवळ सगळीकडे ‘बऱ्याचदा’च्या रकान्यात खुणा केल्या. त्या 18 प्रश्नांत नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल एकही प्रश्न नव्हता. पुढे डॉक्टरांनी झोपेची चौकशी केली, भुकेची केली, नोकरीची केली. जवळिकीची मात्र केली नाही. आणि आमच्या संसारात या एडीएचडीने सर्वांत खोल दुखवलं होतं ते नेमकं तिथेच.

हे मी नवऱ्याच्या संमतीने लिहिते आहे. मजकूर त्याने वाचला आहे आणि दोन ठिकाणी स्वतःहून भर घातली आहे.

साखरपुड्यानंतरचे महिने मला लख्ख आठवतात. तो आठवड्याच्या मधल्या वारी पुण्याहून ठाण्याला यायचा, तासभर भेटायचा आणि शेवटच्या गाडीने परत जायचा. मी सहज बोललेली वाक्यं त्याच्या ध्यानात असायची. माझ्याकडे इतकं रोखून, इतकं सगळं विसरून तोवर कुणीही पाहिलं नव्हतं. एडीएचडी म्हणजे लक्ष कमी, असं सगळे समजतात. खरं तर लक्ष भरपूर असतं. ते कुठे लागावं यावर माणसाचा ताबा नसतो. जे नवं आहे, उत्कट आहे, ज्यातून लगेच काही मिळतं, त्याला ते चिकटून बसतं. मेंदूतल्या डोपामिनच्या कामकाजाशी याचा संबंध आहे. नव्या प्रेमात हे रसायन ज्याच्या-त्याच्या बाबतीत उसळतं, पण एडीएचडीच्या माणसात ते दिवस झपाटल्यासारखे असतात. पुढे नवेपण सरतं. इतरांचा उत्साह हळूहळू ओसरतो. आमच्याकडे कुणीतरी मुख्य नळ बंद करावा तसं झालं. मी तीच होते, घर तेच होतं, आणि तो मात्र माझ्याजवळ असूनही नव्हता.

एका रात्री, आम्ही अगदी जवळ असताना, त्याने मला विचारलं, “अगं, सिलिंडर नोंदवलास का?” ऐकणाऱ्याला हे गमतीचं वाटेल. त्या क्षणी अंगावरचं सगळं बाजूला ठेवून बसलेल्या बाईला ते वाक्य काय करतं, हे मात्र तिचं तिलाच माहीत. मला वाटलं, याला मी आता आवडत नाही. वर्षानुवर्षं मी तेच धरून चालले. कधी वजनाला दोष दिला, कधी वयाला, कधी त्याच्या ऑफिसातल्या कुणाला. निदानानंतर पहिल्यांदा त्याने मला त्याची बाजू सांगितली. हे वाक्य त्याचंच आहे: “मी तुझ्यापासून जात नव्हतो. डोकं जात होतं, आणि ते गेलंय हे मला परत आल्यावर कळायचं.”

परत आल्यावर काय होतं, हे पुरुष कुणाला सांगत नाहीत. मन भरकटलं हे ध्यानात येतं, पाठोपाठ भीती येते, आणि शरीर साथ सोडतं. यामागे साधं शरीरशास्त्र आहे. लिंगाला ताठरता येते ती रक्तवाहिन्या सैल होऊन तिथे रक्त भरतं म्हणून, आणि त्यासाठी शरीराला निवांतपणा लागतो. भीती वाटली की अॅड्रिनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात, ताठरता ओसरते. एकदा असं झालं की पुढच्या वेळी माणूस आधीपासून स्वतःवर पहारा ठेवतो: टिकतंय का, जातंय का. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकेतल्या संशोधकद्वयाने 1970 साली आपल्या ग्रंथात हेच मांडलं होतं. स्वतःच्याच संभोगाचा प्रेक्षक झालेल्या पुरुषाचा त्यातला सहभाग संपतो. ज्याचं मन मुळातच निसटतं त्याला या प्रेक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसायला वेळ लागत नाही.

लग्नाच्या सुरुवातीला अडचण उलटी होती. घाई. आवेग आवरत नाही, हे एडीएचडीचं दुसरं अंग. तोंडातून शब्द निसटतो, खिशातून पैसे निसटतात, तसाच तो क्षणही. शीघ्रपतनाची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषांत एडीएचडीची लक्षणं जास्त आढळतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. काहींच्या बाबतीत मात्र मन मध्येच निघून जातं आणि तृप्तीपर्यंत पोचणंच लांबत राहतं. एकाच माणसाला आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर दोन्ही होऊ शकतं. माझ्या नवऱ्याला झालं. मध्यरात्रीपर्यंत फोनवर अश्लील चित्रफिती पाहत जागणं हेही त्यातलंच एक. तिथे दर मिनिटाला काहीतरी नवं असतं आणि कुणाला सुखी करण्याची परीक्षा नसते. बायको म्हणून मला ते लागलं, आजही आठवलं की लागतं. पण त्याला चारित्र्याचा डाग म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

दिवसा जे होतं त्याचाही रात्रीवर परिणाम होतो, आणि याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. विजेचं बिल भरलंस का? आईंच्या गोळ्या आणल्यास का? गॅस बंद केलास का? शाळेच्या मीटिंगला येणार होतास ना? सकाळपासून मी त्याला आठवण करत राहायची, तो ओशाळत राहायचा, मग चिडायचा. कुठल्याच दिवशी ठरवून असं झालं नाही, पण मी त्याची आई होत गेले आणि तो माझा मोठा मुलगा. दिवसभर ज्याच्या मागे लागायचं त्याच्याविषयी रात्री दहाला ओढ कुठून आणायची? त्याचंही तेच. दिवसभर जिच्यासमोर आपण कमी पडतो तिच्यासमोर कपडे उतरवायला धैर्य लागतं. आपल्याकडच्या बायकांना हा सांभाळण्याचा संस्कार लहानपणापासून मिळतो, म्हणून आपल्याला कळतच नाही की सांभाळता सांभाळता शृंगार मेला. एडीएचडी असलेल्या पुरुषांच्या कितीतरी संसारांत हे घडत असेल, आणि सगळीकडे त्याला एकच नाव मिळत असेल: “आता मुलं मोठी झाली, काय ते.”

यात भर नकाराची. “आज नको रे, दमलेय,” हे साधं वाक्य. पण शाळेत बाईंकडून, घरी वडिलांकडून, नंतर साहेबांकडून ‘वेंधळा’, ‘धांदरट’, ‘बेजबाबदार’ ऐकत मोठा झालेला माणूस ते साधेपणाने ऐकत नाही. त्याला ते शेवटचा निकाल लागल्यासारखं ऐकू येतं. भावना झटकन टोकाला जाणं आणि खाली यायला वेळ लागणं, हा अनेकांच्या एडीएचडीचा भाग असतो. दोन-चारदा असं झालं आणि त्याने विचारणंच सोडलं. मला वाटलं, त्याला नको आहे. त्याला वाटलं, मला नको आहे. अशी आमची काही वर्षं गेली.

या वर्षांत तो कुणाकडे गेला? मुंबईच्या लोकलमधून जाताना रुळांलगतच्या भिंती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना उत्तर माहीत आहे. ‘नामर्दी’, ‘शीघ्रपतन’, ‘खात्रीशीर इलाज’ आणि खाली फोन नंबर. त्याने तिथून मागवलेली गोळ्यांची बाटली मला पुढे कपाटात सापडली. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर आपल्या देशात 1954 च्या कायद्याने बंदी आहे. भिंती अजून रंगतात. ‘संपूर्ण वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही गोळ्यांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध गुपचूप मिसळलेलं प्रयोगशाळांना सापडलेलं आहे. हृदयरोगासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब त्यामुळे जीवघेणा खाली जाऊ शकतो. मला राग येतो तो या लाजेच्या व्यापाराचा. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, मरेपर्यंत चालवलं, खटले अंगावर घेतले आणि वाचकांच्या प्रश्नांना मराठीत सरळ उत्तरं दिली. डॉ. विठ्ठल प्रभूंच्या ‘निरामय कामजीवन’ने नंतरच्या पिढ्यांना तेच दिलं. इतकं सगळं ज्या भाषेत बोलून झालं आहे, त्या भाषेतला शिकलेला पुरुष अजूनही डॉक्टरांऐवजी भिंतीवरच्या नंबरला फोन करतो.

निदानानंतर औषध सुरू झालं. पहिलं होतं अॅटोमोक्सेटिन. कामात फरक पडला, चिडचिड कमी झाली, घरातले सगळे खूश. दोनेक महिन्यांनी मला दिसलं की गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पडून आहेत. त्याने कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या होत्या. खोदून विचारल्यावर कळलं की आधीच डळमळीत असलेली ताठरता गोळ्यांनी पार गेली होती. इच्छाही उरली नव्हती. हा अॅटोमोक्सेटिनचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, औषधाच्या माहितीपत्रकात छापलेला. डॉक्टरांनी तो सांगितला नव्हता, आणि नवऱ्याने विचारला नव्हता. एक गप्प, म्हणून दुसराही गप्प. मधल्यामध्ये उपचार बुडाला.

पुढे ज्या डॉक्टर बाई भेटल्या त्यांनी दुसऱ्याच भेटीत मला आत बोलावलं आणि रक्तदाब विचारावा तितक्या सहज विचारलं, “तुमचे शरीरसंबंध कसे आहेत?” खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग माझा नवरा बोलायला लागला आणि थांबेना. त्यांनी आधी साखर, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यायला सांगितलं, कारण चाळिशीनंतर ताठरतेची तक्रार मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराची पहिली खूण असू शकते. एडीएचडी आहे म्हणून सगळं त्याच्याच माथी मारायचं नसतं. तपासण्या ठीक आल्या. मग औषध बदलून मिथाइलफेनिडेट दिलं. ते घेताना काहींचं मन अंथरुणातही ठिकाणावर राहतं, काहींची इच्छा कमी होते, काहींना काहीच फरक जाणवत नाही. क्वचित कुणाला वेदनादायक ताठरता येते आणि ती उतरत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये तसा इशारा दिला होता. चार तासांहून जास्त राहिली तर लाज बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं, हे त्या बाईंनी आम्हाला सांगून ठेवलं. आणि सोबत नैराश्याची गोळी असेल तर तिचाही हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण त्यातल्या अनेक गोळ्या इच्छा कमी करतात आणि स्खलन लांबवतात.

औषधाने लक्ष थोडं ताब्यात आलं. जवळीक आम्हाला नव्याने बांधावी लागली. डॉक्टर बाईंनी सांगितलेला मार्ग मास्टर्स आणि जॉन्सन यांचाच. काही आठवडे संभोगच करायचा नाही. फक्त स्पर्श, आळीपाळीने, कुठेही पोचायची घाई न करता. परीक्षाच नाही म्हटल्यावर त्याचं शरीर निवांत झालं. मन भरकटलं की तो आता सांगतो, “गेलो होतो, आलो,” आणि मी ते अपमान म्हणून घेत नाही. ही त्याने घातलेली दुसरी भर. फोन दिवाणखान्यात राहतो. वेळ ठरवून जवळ यायचं हे मला आधी फार कोरडं वाटलं होतं. पण दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई आणि वाढता मुलगा असताना, रात्री अकराला दमलेल्या दोन माणसांकडून उत्स्फूर्ततेची अपेक्षा करण्यापेक्षा रविवारची दुपार खरी. दुपारी गोळीचा अंमल असतो, सासूबाई वामकुक्षी घेत असतात, मुलगा क्रिकेटला. बिलं, गोळ्या, मीटिंगा आता त्याच्या फोनवर गजर होऊन वाजतात. मी आठवण करत नाही. एखादं बिल चुकलं तर चुकतं, दंड तो भरतो. या एका बदलाने माझ्यातली बायको जेवढी परत आली तेवढी कुठल्याच गोळीने आली नसती.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही आठवडे वाईट जातात. पण तो माझ्यापासून गेला नव्हता, हे मला आता माहीत आहे, आणि ते कळायला इतकी वर्षं लागायला नको होती.

म्हणून डॉक्टरांना माझी विनंती आहे. एडीएचडीची गोळी लिहून देताना भूक आणि झोप विचारता तसंच हेही विचारा, पहिल्याच भेटीत विचारा, आणि दुष्परिणाम स्वतःहून सांगा. हे वाचणाऱ्या पुरुषांनी गोळी परस्पर बंद करू नये; मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, पण डॉक्टरांना कळलं तर. आणि बायकांनो, तुमचा नवरा जवळ असून नसल्यासारखा वाटत असेल, तर तपासणीच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहू नका. आत जा, आणि तो गप्प बसला तर तुम्ही बोला.