पांढरीचा कागद

शेताला कागद असतो, घराला नसतो. कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात काळीतल्या वीतभर तुकड्याची कुंडली मांडता येते. कुणाकडून कुणाकडे गेला, कितीला गेला, मधे कुणी हरकत घेतली, सगळे. पांढरीत मात्र, म्हणजे गावठाणात, पाच पिढ्या नांदलेले घर कुणी आणि कधी बांधले असे विचारले की माणसे आढ्याकडे बघतात. कारण साधे आहे. सारा शेताला होता, गावठाणाला नव्हता. सरकारने जिथून पैसा यायचा तेवढेच मोजले, आणि मोजले तेवढेच लिहून ठेवले.

मोजले मात्र कसून. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या जोडगोळीने १८३६ च्या आसपास इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी बसवली आणि पुढे तीच पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात फिरली. तेहतीस फुटांची साखळी. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याआधीही हिशेब होताच. पण तो थळांचा होता. गाव बसवणाऱ्या मूळ कुळांत जमीन वाटलेली, प्रत्येक वाट्याला त्या कुळाचे नाव. कुळ बुडाले, परागंदा झाले, तरी थळाचे नाव तेच. कर्नल साईक्सने दख्खनच्या जमीनधाऱ्यावर लिहिताना हे थळझाडे, म्हणजे थळांची नोंद, बारकाईने पाहिले होते. मालक नाहीसा झालेल्या जमिनीला 'गतकुळ' म्हणत. आमच्या गावात नदीकडच्या एका शिवाराला ज्या आडनावाने हाक मारतात, त्या आडनावाचा एकही माणूस आज गावात नाही, आणि कधी होता हे सांगणाराही नाही. नांगर मात्र रोज त्याच्या नावावरून फिरतो.

आमचे गाव वाईच्या खालच्या अंगाला. घर नदीपासून हाकेवर, आता जोत्यापुरते उरलेले. एका पावसाळ्यात माजघराची भिंत बसली, तिच्या मागोमाग सोपा गेला. घर पडल्यावर त्याच्याबद्दल कुतूहल वाटू लागावे, हा आपला नेहमीचा उफराटा न्याय. मी ते घर शोधायला निघालो, आणि सुरुवात अर्थातच शेतापासून करावी लागली, कारण कागद तिथेच होता.

सातबारा हा आजचा चेहरा. त्याच्यामागे फेरफारांची रांग असते, आणि खरी गंमत तिथे आहे. अर्ज करावा, त्याला कोर्ट फी स्टँप लावावा, मग अभिलेख कक्षातून कापडी बस्ता खाली येतो, सोबत धूळ आणि कसरीने केलेली नक्षी. जुनी पाने मोडीत. ती वाचायला माणूस गाठावा लागतो आणि तो पानावर पैसे घेतो, जे रास्तच आहे. फेरफाराची भाषा अशी कोरडी, की दुःखाला तिच्यात शिरायला फट नाही. 'खातेदार मयत. वारस मुलगा अज्ञान. अ.पा.क. आई.' अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. माझी पणजी सबंध दप्तरात दोनदाच येते. एकदा नवरा गेला म्हणून, पोराची पालनकर्ती होऊन. आणि दुसऱ्यांदा पोरगा सज्ञान झाला, सबब तिचे नाव कमी केले म्हणून. मधल्या वर्षांत जमीन तिनेच राखली असणार, मोटेवर माणूस तिनेच ठेवला असणार, सारा तिनेच भरला असणार. ते काही लिहिलेले नाही. बायका आणि कर्जे यांची जागा सातबाऱ्यावर बहुधा एकच, 'इतर हक्क' नावाचा रकाना. तिथे बहिणीचा हिस्सा, विहिरीची पाळी, तगाई आणि सोसायटीचा इकरार एकमेकांना चिकटून बसलेले असतात.

गेलेला माणूस सातबाऱ्यावरून खोडत नाहीत. त्याचे नाव कंसात घालतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर असे कितीतरी मालक कंसात गेले. कुळकायद्याने कसणारा मालक मानला गेला, त्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरली आणि वाईच्या आळ्यांतून राहणारी खातेदार मंडळी खेड्यांतल्या कागदांवर दोन कंसांच्या मधे उरली. त्यांच्या घरांतून त्याबद्दल कडवट ऐकले आहे, कुळांच्या घरांतून गोड. दोन्हीकडचे चहा प्यालो असल्यामुळे मी एवढेच म्हणेन, की कायदा आधीच यायला हवा होता आणि कंसातल्या सगळ्याच माणसांना सावकार म्हणणे बरोबर नाही. काही विधवाही होत्या.

पण घर? घर शेवटी सापडले ते शेजाऱ्याच्या गहाणखतात. खताला चतुःसीमा लागते. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस रहदारीचा रस्ता, पश्चिमेस तमक्याचा परडा, उत्तरेस कृष्णा नदी. त्यातले पूर्वेचे अमके म्हणजे माझे खापरपणजोबा. आमच्या घराचा सगळ्यात जुना पुरावा हा, की ते दुसऱ्याच्या घराची कड होते. मग मी गावातली जुनी खतेच गोळा करू लागलो. ज्यांनी घर गहाण टाकले, विकले, वाटणीवरून कोर्टात गेले, त्यांच्या घरांचे खण कळतात, दरवाजाचे तोंड कळते, वळचणीचे पाणी कुणाच्या अंगणात पडायचे तेही कळते. जी घरे गुण्यागोविंदाने नांदली, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. पन्हळीवरून भांडलेल्या दोन भावांनी पुढच्यांवर जेवढे उपकार केले, तेवढे गावातल्या कुठल्याही सज्जन माणसाने केलेले नाहीत.

ही युक्तीही सगळ्यांना पुरत नाही. जुन्या कागदांत 'महारवाडा' म्हणून जी वस्ती येते, तिच्यातले एकही घर मला कुणाच्या चतुःसीमेत सापडले नाही. सापडणार कसे? त्या वस्तीला लागून कुणी घरच बांधले नव्हते. त्या माणसांचा कागद म्हणजे हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन, गावाच्या राबणुकीच्या बदल्यात दिलेली आणि त्या राबणुकीत अडकवून ठेवणारी. वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली मांडले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात नाहीशी करणारा कायदा १९५८ चा. मधली तीस वर्षे मोजावीत आणि मग कुणी 'कागद दाखव' म्हटले तर कोणाला म्हणतो आहे ते बघावे.

याच्या अगदी उलट टोक पाहायचे तर वाईहून वर मेणवलीला जावे. भवानराव प्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ मध्ये हे गाव नाना फडणविसांना दिले. नानांनी तिथे घाट बांधला, मेणवलेश्वर आणि विष्णूची देवळे बांधली आणि चौकांमागून चौक असलेला वाडा उभा केला. महादेवासमोरच्या घंटेवर १७०७ हे साल आहे; चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांबरोबर घाटावर आल्या, त्यांतली ही एक. एकेकाळी ख्रिस्ती प्रार्थनेला बोलावणारी ती ओतीव घंटा आता शंकराला उठवते, आणि तिला त्याचे काही वाटत असेल असे दिसत नाही. हल्ली येणाऱ्यांपैकी निम्मे 'स्वदेस' सिनेमातला घाट कुठला, असे विचारत येतात. तेही चालायचेच.

मेणवलीची खरी श्रीमंती मात्र सागवानात नव्हती, दप्तरात होती. नाना हा मुळातच कागदाचा माणूस, फडावरचा. त्याच्या मागे राहिलेले मेणवली दप्तर साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनिसांच्या हाती लागले आणि त्यांनी त्यातून इतिहास काढला. पेशव्यांचे सरकारी दप्तर पुण्याला. कागद रुमालांत बांधलेले, त्या रुमालांची संख्या हजारोंत. त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडींचे ४५ खंड काढले. इंग्रजांनी तरी ते जपले का? इतिहासासाठी नव्हे. इनामे खरी की खोटी हे तपासायला १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले. ज्याच्याजवळ सनद त्याचे इनाम टिकले. म्हणून ज्याने त्याने सनद प्राणापलीकडे सांभाळली. नानांच्या वाड्यातली तुळई किती खणांची हे आपल्याला कळते, आणि त्याच घाटासाठी दगड घडवणाऱ्या पाथरवटाचे छप्पर कुठल्या आळीत होते ते कळत नाही.

कागद संपतात तिथे आमच्याकडे हेळवी येतो. कर्नाटकाकडून उतरणारा हा कुळांचा भाट. बैल घेऊन येतो, ठरलेल्या घरांपुढे उभा राहतो आणि त्या घराची पिढी म्हणू लागतो. मूळ गाव कुठले, देव कुठला, कोण कुणाच्या पोटी, कोण दत्तक गेला, कोणत्या दुष्काळात कोणती शाखा नदी ओलांडून गेली. माझ्या लहानपणी तो ओट्यावर बसून म्हणायचा आणि घरातली थोरली माणसे हात जोडून ऐकायची. मधेच कुणाचे तरी नाव आले की आजी पदर डोळ्यांना लावायची. मोठेपणी मी त्याला जरा कायद्याने विचारले, "मामा, हे घर कधी बांधलं त्याची नोंद आहे का?" तो म्हणाला, "घर पडतंया, पुन्हा हुतंया. त्याची कशाला नोंद? मान्सं सांगतो, ऐका." मग धान्य, धोतर आणि रोख घेऊन, नव्या जन्मलेल्या पोरांची नावे वहीत चढवून तो पुढच्या दाराला गेला. त्याची वही मी हात लावून पाहिली. त्याने पाहू दिली, वाचू दिली नाही.

घर पडते, पुन्हा होते, हे तर भिंतीच सांगतात. आमची पडकी भिंत मी जवळून बघत बसलो होतो. खाली घडीव दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीचा हातभर रुंदीचा थर. मातीत काय काय होते! भाताचे तूस, कोळशाचे कण, काळ्या बांगडीचा तुकडा, खापराचा काठ, एक दात, बहुतेक शेळीचा. ही माती खाणीतून येत नाही. जुनी पडकी घरे खणून येते. म्हणजे आमच्या भिंतीत आमच्या आधीच्या कुणाची तरी चूल होती. गावात अजूनही पडक्या वाड्याची पांढरी माती ट्रॉलीने विकली जाते, कुणी घराला नेतो, कुणी कांद्याच्या वाफ्याला. सागवानी खांब, चौकटी, गणेशपट्ट्या शहरातले दलाल घेऊन जातात आणि कुठल्यातरी हॉटेलच्या दाराशी त्या उभ्या राहतात. आमचे बळद फुटले तेव्हा आत जोंधळ्याचा भुगा आणि उंदरांचे संसार निघाले. शेजारच्या आप्पांना सोन्याची आशा होती. ते दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

आणि उत्तरेची सीमा, कृष्णा नदी. चतुःसीमेतला हा एकच शेजारी असा, की जो बांधाला बांध ठेवत नाही. एका काठाचे कापावे आणि दुसऱ्या काठाला मळई म्हणून आणून टाकावे, हा तिचा धंदा. आमच्या दोन नंबरांचे क्षेत्र मूळ टिपणात आणि आताच्या मोजणीत जुळत नाही. मोजणीदाराने शांतपणे फरक पोटखराबात टाकला. समोरच्या गावात मात्र मळीत वांगी लागतात आणि ती आमच्याच मातीची आहेत, असे म्हणत आम्ही ती विकत घेतो. पुढे वर धोमला धरण झाले, पाणी सोडण्यावर आले आणि नदीला वळण लागले, निदान तसा समज झाला. आता पाटबंधारे खात्याने काठावर दोन रेषा आखल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आमचे जोते निळीच्या आत येते. बांधणाऱ्याला रेषा माहीत नव्हती, पण जोते पुरुषभर उंच घ्यायचे हे ठाऊक होते.

सध्या गावठाणाची मोजणी ड्रोनने चालली आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी करून पाहिली, मग २०२० पासून स्वामित्व योजनेत देशभर सुरू झाली. पहिल्यांदाच पांढरीला नकाशा, मालमत्ता पत्रक, सनद. ड्रोन यायच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या हद्दीवर चुन्याची फक्की ओढायची असते. त्या दिवशी गावात जेवढी भांडणे झाली तेवढी अनेक वर्षांत झाली नसतील; पुढच्या शतकातल्या संशोधकाची सोय झाली. आमच्या घराला छप्पर नाही. वरून बघणाऱ्याला तिथे मोकळी जागा दिसणार, म्हणून वेगळा अर्ज, पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब. आप्पा बोलायला लागले होते, त्यांनी जबाब दिला. लिहिणाऱ्या तरुणाने विचारले, "उत्तरेला काय लिहू?" आप्पा म्हणाले, "नदी लिव्हा." तो म्हणाला, "नदी नाही चालत, मधे गट नंबर लागतो." बराच वेळ गट नंबर शोधला. तो ज्या जमिनीचा होता ती आता पाण्यात आहे, पण सातबारा जिवंत आहे आणि त्याच्यावर तीन वारस. त्यांतला एक पुण्यात असतो. त्याची सही राहिली आहे.